बूट जिमचे, पाय आपले

जानेवारी उजाडला की नांदेडच्या जिम भरतात आणि फेब्रुवारी लागला की माझा दवाखाना भरतो. गेली कित्येक वर्षे हा क्रम चुकलेला नाही. नवा संकल्प, नवे कपडे, नवे बूट आणि महिन्याभरात नवे दुखणे. कोणाचा गुडघा, कोणाची टाच, कोणाची कंबर.

यंदा फेब्रुवारीत एक तरुण मित्राच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आला. घोटा वांग्यासारखा सुजून निळा पडलेला. खांद्यावर साठ किलोचा रॉड घेऊन तो बैठक मारत होता. उठताना डावा पाय बाहेरच्या कडेवर कलंडला आणि रॉडसकट तो आडवा झाला. हाड मोडले नव्हते ही नशिबाची गोष्ट. मी म्हणालो, "बूट कोणते घातले होतेस?" त्याने पिशवीतून काढून टेबलावरच ठेवले. "साहेब, बूट तर लई भारीतले आहेत. सात हजाराचे."

खरोखरच भारीतले होते. टाचेखाली तीन बोटे जाडीचा फोम होता. मी अंगठ्याने दाबला तर ताज्या पावासारखा आत गेला. बूट वाईट नव्हते, फक्त ते पळण्याचे होते. ते घालून त्याने पाठीवर साठ किलो घेतले होते.

वाचकहो, पळताना आणि वजन उचलताना पायाची गरज एकमेकांच्या उलट असते. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार जमिनीवर येतो. सत्तर किलोचा माणूस असेल तर १४० ते २१० किलो, आणि तोही दर पावलाला. म्हणून पळण्याच्या बुटाला मऊ, जाड तळ देतात आणि टाच चवड्यापेक्षा थोडी उंच ठेवतात. बऱ्याच बुटांत हा फरक ८ ते १२ मिलिमीटर असतो. धक्का फोमने गिळावा हा हेतू. पण वजन उचलताना धक्का नसतोच. तेथे पाय जमिनीवर खुंटीसारखा रोवून वर जोर लावायचा असतो. त्या वेळी खालचा फोम एकदा डावीकडे दबतो, एकदा उजवीकडे. गादीवर उभे राहून डोक्यावर भरलेली घागर घेऊन बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. घागर बाईच्या डोक्यावर स्थिर राहते ती खाली टणक अंगण असते म्हणून.

म्हणून रॉड, डंबेल, स्क्वॉट, डेडलिफ्ट हा ज्यांचा मुख्य व्यायाम आहे, त्यांनी सपाट, पातळ आणि टणक तळाचा बूट घ्यावा. शाळेत पी.टी.ला घालायचो तसला साधा कॅनव्हासचा बूटही या कामाला चालतो. स्पर्धेत वजन उचलणारे खेळाडू जे खास बूट घालतात, त्यांची टाच उंच असते, पण ती लाकडासारखी कडक असते, दबत नाही. ज्यांचा घोटा आखडलेला आहे त्यांना खोल बसायला तिची मदत होते. जिल्ह्याच्या ठिकाणी हौसेने जिमला जाणाऱ्याला मात्र तिची सहसा गरज नसते.

येथे एक जुनी आठवण सांगतो. माझे मूळ गाव लातूर. आमच्या लहानपणी व्यायाम म्हणजे तालीम, आणि तालमीत बुटाला प्रवेश नव्हता. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हिंदकेसरी हरिश्चंद्र बिराजदार हे आमच्या भागाचे दैवत. त्यांच्यासारखे पैलवान तांबड्या मातीत अनवाणी घडले. मग अनवाणी व्यायाम चांगला नाही का, असे मला जुनी माणसे विचारतात. प्रश्न रास्त आहे. आपल्या देशी बैठकीत खाली जाताना टाच उचलली जाते आणि भार चवड्यावर येतो. त्याला अनवाणी पाऊलच बरे, बोटे मातीत रुतून धरतात. रॉड घेऊन केलेल्या बैठकीत मात्र टाच जमिनीला चिकटलेली राहिली पाहिजे. शिवाय तालमीत माती होती, जिममध्ये फरशी असते आणि फरशीवर इतस्तत: पडलेल्या वीस वीस किलोच्या लोखंडी प्लेटा. प्लेट पायावर पडली तर साधा बूट हाड वाचवील असे समजू नका, पण निदान कडेला ठेचकाळून नख उखडण्याचे वाचते. आणि दहा जणांच्या घामाने ओल्या झालेल्या फरशीवर अनवाणी फिरून बोटांच्या बेचक्यात चिखल्या घेऊन येणारे रुग्ण मी दर पावसाळ्यात पाहतो.

दुकानात जाल तेव्हा

माझी स्वत:ची फजिती सांगायला हरकत नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी माझीच साखर वरच्या काठावर आली आणि रुग्णांना रोज करीत असलेला उपदेश स्वत:ला करण्याची वेळ आली. लातूरला गेलो होतो, सकाळी अकराच्या सुमारास गंजगोलाईजवळच्या एका दुकानात शिरलो. आठ नंबर मागितला, कारण कॉलेजपासून मी आठ नंबरच घालत आलो आहे. पुढे जरा दाटत होते. दुकानदार म्हणाला, "वापरा डॉक्टर, आपोआप सैल होतील." मीही हो म्हणालो. दोन महिन्यांनी माझ्या उजव्या अंगठ्याचे नख काळे पडून गळाले. ट्रेडमिलवर उतार धरून चालताना पाऊल पुढे सरकत होते आणि अंगठा दर पावलाला बुटाच्या नाकावर आपटत होता. डॉक्टर माणूस, पण दुकानदाराच्या एका वाक्यावर विश्वास ठेवून बसलो.

त्यात माझ्या तीन चुका होत्या. एक म्हणजे मी सकाळी गेलो. दिवसभर उभे राहून, चालून पाऊल थोडे फुगते, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावा. दुसरी चूक, नंबर आठवणीने सांगितला. वयाबरोबर पायाची कमान थोडी बसते आणि पाऊल लांब-रुंद होते, तेव्हा विशीतला नंबर पन्नाशीत धरून चालू नये. तिसरी चूक मोठी. जो बूट दुकानात दाटतो तो कापडी असो, चामडी असो, लांबीला वाढत नाही. जो काही सैल होतो तो रुंदीला, आणि तोही थोडाच.

नंबराचा घोळ वेगळाच आहे. आपल्याकडे पूर्वापार इंग्रजी नंबर चालतात. एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलिमीटर. पुरुषांचा इंग्रजी आठ म्हणजे अमेरिकन नऊ आणि युरोपातला सुमारे बेचाळीस. बुटाच्या जिभेच्या आत तिन्ही आकडे छापलेले असतात, आणि मोबाइलवरून बूट मागवणारी पोरे यातला भलताच आकडा वाचून बसतात. त्यात हे सगळे साचे परक्या पायांवर बेतलेले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशात ७९ ठिकाणी सुमारे एक लाख लोकांच्या पायांची मापे घेतली. त्यात आपली पावले युरोप-अमेरिकेच्या मानाने रुंद निघाली. त्यावरून भारतीयांसाठी 'भा' नावाची वेगळी मापपद्धती सुचवण्यात आली. मला या निष्कर्षाचे नवल वाटले नाही. आयुष्यभर चप्पल घालून किंवा अनवाणी रान तुडवलेल्या माणसाची बोटे पंख्यासारखी पसरलेली असतात. तो अरुंद नाकाचा बूट घालतो तेव्हा करंगळीवर भोवरी ठरलेली. दुकानदार मग एक नंबर मोठा काढून देतो. रुंदीची अडचण लांबी वाढवून सोडवली जाते, आणि टाच आत वर-खाली होऊ लागते.

यावर एक सोपा उपाय आहे. घरी कोऱ्या कागदावर उभे राहा, दोन्ही पावलांची बाह्यरेषा कोणाकडून तरी काढून घ्या आणि कात्रीने कापा. बसून काढू नका, भार पडल्यावर पाऊल पसरते तेच खरे माप. दुकानात बुटाचा आतला सुकतळा बाहेर काढा आणि त्यावर तो कागद ठेवा. कागद कडेने बाहेर येत असेल तर तो बूट किंमत कितीही असो, परत ठेवून द्या. दोन पावलांत फरक असतोच, मोठ्या पावलाला माप घ्या. जिमला जे पायमोजे घालणार तेच घालून जा. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. (पुष्कळांचे अंगठ्याशेजारचे बोट जास्त लांब असते, हे त्यांनाच ठाऊक नसते.) मग दुकानात दहा पावले चाला. लाजू नका. पैसे तुमचे आहेत.

बूट हातात घेऊन दोन्ही टोकांनी वाकवून पाहा. जेथे आपली बोटे मुडपतात तेथे तो वाकला पाहिजे. मध्येच वहीसारखा दुमडत असेल तर कुचकामी. टाचेमागची बाजू चिमटीत दाबा, ती कडक हवी. आणि 'फर्स्ट कॉपी'च्या मोहात पडू नका. नाव मोठ्या कंपनीचे, आकार हुबेहूब, पण तळ कशाचा आहे ते देव जाणे. त्यापेक्षा आपल्या देशी कंपन्यांचा साधा, खऱ्या नावाचा बूट शतपटीने बरा.

आजकाल काही जिममध्ये ओल्या पावलाचा ठसा फरशीवर उमटवून त्यावरून बूट ठरवायला सांगतात. कमान उंच असेल तर अमका, सपाट असेल तर तमका. ऐकायला शास्त्रीय वाटते. अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीन दलात नव्या शिपायांना असे तळव्याच्या आकारानुसार बूट वाटून पाहिले गेले. इतर शिपायांना सरसकट एकच प्रकार दिला. दुखापती दोन्हीकडे जवळपास सारख्याच झाल्या. म्हणून मी त्या ठशाच्या नादी लागत नाही. पायात घातल्यावर जो पहिल्या मिनिटापासून सुखाचा वाटतो, तो घ्यावा.

एकच जोड परवडत असेल तर

हा प्रश्न मला पोलीस भरतीची पोरे विचारतात. सकाळी नांदेडच्या स्टेडियमवर जा किंवा लातूरच्या क्रीडा संकुलात, अंधार असतानाच पावले वाजत असतात. मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावणे, गोळाफेक. मुलींना ८०० मीटर. पन्नास गुणांचा हा मामला, आणि त्यातले वीस गुण एकट्या लांब धावण्याला. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेंनी २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवल्यापासून तर मराठवाड्याच्या पोरांचा हुरूप पाहण्यासारखा आहे. ही मुले सकाळी पळतात आणि संध्याकाळी त्याच बुटांवर जिमला जातात. घरून पैसे येतात ते सोयाबीन विकून.

त्यांना मी सांगतो, चांगला बूट पळण्यासाठी घ्या, कारण हजारो धक्के तेथे बसतात. वजनासाठी काही शे रुपयांचा कॅनव्हासचा जोड पुरे. हे उलटे कधी करू नका. मध्ये मुखेडकडचा एक मुलगा नडगीच्या दुखण्याने आला होता. पळताना दुखे, मग चालताना, शेवटी रात्री झोपेतही. हाडाला बारीक तडा गेला होता. एकदम सराव वाढवला हे एक कारण होते. दुसरे त्याच्या पायात होते. थोरल्या भावाने दोन वर्षे वापरून दिलेले बूट. वरून धुऊन पांढरेशुभ्र, तळ मात्र मेलेला. सहा आठवडे पळणे बंद म्हटल्यावर तो काही बोलला नाही. भरती पाच आठवड्यांवर होती.

बूट वरून मरत नाही, आतून मरतो. पळण्याचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो. रोज चार किलोमीटर ट्रेडमिल, आठवड्यातून पाच दिवस, असा हिशेब केला तर सहा ते नऊ महिने. ज्याला हिशेब ठेवायचा नाही त्याने बूट टेबलावर ठेवून मागून पाहावा. टाच एका बाजूला झुकलेली दिसली किंवा तळाच्या फोमवर आडव्या सुरकुत्या पडल्या तर काम संपले. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या जोडाघरात ओळीने ठेवलेले जोडे कधी पाहिलेत? कोणाचा आत झिजलेला, कोणाचा बाहेर. चालण्याची प्रत्येकाची सही वेगळी असते. म्हणून भावाचा बूट भावालाही चालत नाही.

जिममध्ये संगीतावर उड्या मारणाऱ्या, झुंबा करणाऱ्या भगिनींसाठी एवढेच सांगतो, की तेथे पाय पुढे कमी आणि आजूबाजूला जास्त जातो. उंच मऊ तळाचा बूट तेथेही दगा देतो. बॅडमिंटन खेळतात तसला, खाली रुंद आणि कडेने घट्ट असा बूट बरा.

गुरुजींचा अंगठा

आता ज्या गोष्टीसाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला ती सांगतो.

मला लातूरला गणित शिकवलेले गुरुजी निवृत्तीनंतर लेकीकडे नांदेडला येऊन जाऊन असतात. मधुमेह पंधरा वर्षांचा. मीच त्यांना म्हणालो, "गुरुजी, औषध वाढवण्याआधी व्यायाम वाढवू. लेकीच्या घराजवळ जिम आहे, रोज अर्धा तास ट्रेडमिलवर चाला." त्यांनी वर्गात दिलेला गृहपाठ आम्ही जसा केला नाही, तसा माझा गृहपाठ त्यांनी मनापासून केला. नातवाचे न लागणारे बूट घातले आणि रोज चालले. तीन महिन्यांत साखर उतरली. मी खूश, ते खूश.

चौथ्या महिन्यात लेक त्यांना घेऊन आली. पायमोज्याला डाग दिसला होता. मोजा काढला तर उजव्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम, आणि वास. बूट उपडा केला तेव्हा आतून नातवाच्या सदऱ्याचे एक बटण पडले. किती दिवस त्यावर चालत होते कोण जाणे. "दुखलं नाही का गुरुजी?" मी विचारले. म्हणाले, "अरे, काहीच कळलं नाही बघ."

कळणार कसे? बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात तळव्याच्या नसा बधिर होतात. वेदना ही शरीराची तक्रार असते, आणि तक्रार करणाराच मुका झालेला असतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांवर उपचार करताना हेच दाखवून दिले, की बधिर पाय रोगाने झडत नाही, न जाणवलेल्या दाबाने आणि जखमांनी झिजतो. मधुमेहाच्या पायाला तेच लागू पडते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातले मधुमेही १० कोटी १० लाख इतके मोजले गेले. यातल्या प्रत्येकाला आम्ही डॉक्टर मंडळी चाला म्हणून सांगतो. कशावर चाला ते किती जण सांगतो? मी सांगितले नव्हते. गुरुजींच्या पायाला मी हातही लावला नव्हता. जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला होता, शल्यचिकित्सकांना अंगठा काढावा लागला.

तेव्हापासून माझ्या दवाखान्यात मधुमेहाच्या रुग्णाला पायताण काढूनच आत यावे लागते. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा मी तळव्याला टेकवून पाहतो. तो कळला नाही तर त्या पायाला जिमचे नियम वेगळे. ट्रेडमिलपेक्षा बसून चालवायची सायकल बरी. बूट रुंद, खोल, नाकाशी गोल, आत शिवण न टोचणारा. मोजे फिकट रंगाचे, म्हणजे डाग लगेच दिसतो. नवा बूट पहिल्या दिवशी अर्धा तासच, मग काढून पाऊल बघायचे, लाल झालेली जागा दिसली तर तो बूट नको. तळवा स्वत:ला दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा घरच्यांना दाखवावा. ज्याला पूर्वी एकदा जखम होऊन गेली आहे त्याने बाजारातला बूट घेऊच नये. मऊ एमसीआर रबराचे, मापाने करून दिलेले पायताण सरकारी रुग्णालयात विचारून घ्यावे. आणि ज्यांना बूट गच्चीवर वाळवायची सवय आहे त्यांनी आपल्या मे महिन्यातली गच्ची टाळावी, ४२-४३ अंशाच्या उन्हात फोम आणि डिंक दोन्ही सुटतात. सावलीत, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून ठेवले की एका रात्रीत ओल जाते.

गुरुजी पुन्हा जिमला जाऊ लागले आहेत. सायकल चालवतात. परवा लेकीच्या घरी गेलो तेव्हा ते निघायच्याच तयारीत होते. पायरीवर बसून त्यांनी एकेक बूट उपडा केला, दोनदा आपटला, मग आत हात घालून चारी बाजूंनी बोटे फिरवली. मी पाहतोय हे बघून हसले. म्हणाले, "लहानपणी शेतात विंचवासाठी आपटत होतो रे. मध्ये पन्नास वर्षं विसरलो होतो."